सूर्येकाठून लायडनला

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)



आज मी भाषण लिहून आणलेलं नाही. एक पत्र आणलं आहे. यंदाच्या मे महिन्यात माझा एक जुना मित्र आणि त्याची पत्नी आमच्याकडे मासवणला चार दिवस राहून गेले. दोघं विरारला राहणारी. तिथून ती मुलाकडे परदेशी निघाली होती आणि निघण्यापूर्वी ‘एकदा तुझं गाव बघायचंय’ म्हणून आली होती. जाताना वहिनींनी मला एक प्रश्न विचारला. एस.टी. सुटायच्या बेतात होती आणि मला उत्तरही येत नव्हतं. ते शोधायला मला अडीच महिने लागले. उत्तर फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्र लिहायला बसलो. लिहून झाल्यावर वाटलं, हे केवळ त्या दोघांसाठी नाही. पालघर, बोईसर, वसई, विरार, भाईंदर अशा ठिकाणी सकाळी नळ सोडणाऱ्या कुणालाही ते चालेल. म्हणून पाकीट बंद करण्याआधी तुम्हाला वाचून दाखवतो.

प्रिय मित्रा आणि सौ. वहिनी,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोहोचलात, हे फोनवरून कळलंच. नातवाने तुम्हाला ओळखलं, पण जवळ यायला दोन दिवस घेतले, हेही कळलं. फोनवर आपण तब्येत, हवा आणि जेवण एवढंच बोलतो. पत्राला तेवढी घाई नसते.

इकडे श्रावण लागला आहे. तुम्ही बघितलेली सूर्या नदी आता ओळखू येणार नाही. मे महिन्यात तू बंधाऱ्याच्या खाली उतरून पायजमा वर खोचून दगडांवरून पलीकडे गेला होतास, आठवतं? ते दगड आज दिसत नाहीत. तांबूस गढूळ पाणी बंधाऱ्यावरून उड्या घेत चाललं आहे आणि त्याचा आवाज रात्री ऐकू येतो. लावणी आटोपली. वहिनींना शेवळं खायला मिळाली नाहीत, याची आमच्या घरात अजून हळहळ आहे. पहिला पाऊस पडून जमीन भिजली, की ती वर येतात आणि काकडाच्या फळांशिवाय शिजवली तर घसा खवखवतो. तुमची गाडी पंधरा दिवस आधी सुटली, एवढंच. बहाडोलीची जांभळं मात्र तुमच्या वाट्याला आली. त्या जांभळांना २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी सांगितल्यावर तू म्हणालास, ‘जिभेला आधीच मिळालं होतं.’ ते वाक्य मी चार ठिकाणी माझं म्हणून सांगितलं आहे.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी माझ्या पत्नीबरोबर वरच्या पाड्यावर गेल्या होत्या. तिथल्या विहिरीला मे महिन्यात तळ दिसतो. पाड्यावर नळाच्या तोट्या बसल्या आहेत, पण वैशाखात त्यांतून पाणी आलं तर ती बातमी होते. विहिरीवर सात-आठ बायका हंडे घेऊन बसल्या होत्या. झरा भरेपर्यंत थांबायचं, मग वाटीने पाणी हंड्यात भरायचं, असा तो कारभार. पाहुणी आली म्हणून विचारपूस झाली. त्यांतल्या एका वारली बाईने वहिनींना विचारलं, ‘तुमच्याकडे पाणी येतं का?’ वहिनी म्हणाल्या, ‘येतं, नळाला येतं.’ ‘कुठून येतं?’ वहिनी सहज बोलून गेल्या, ‘सूर्याचं येतं.’ त्यावर ती बाई हसली आणि म्हणाली, ‘मंग आमचंच पानी पिता तुम्ही!’ बाकीच्याही हसल्या. वहिनी हसल्या नाहीत.

जाताना खिडकीतून त्यांनी मला विचारलं, ‘भाऊजी, ती बाई चेष्टा करत होती, की रागावली होती?’

वहिनी, हे पत्र त्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते थोडं लांबचं आहे, कारण आधी पाण्याचा रस्ता सांगावा लागेल.

मी जन्मभर शाळेत ‘नदीचे उपयोग’ हा धडा शिकवला. पिणे, शेती, कारखाने, वीज, वाहतूक असे पाच मुद्दे फळ्यावर लिहायचे आणि मुलांकडून पाठ करून घ्यायचे. शाळेपासून नदी हाकेच्या अंतरावर आहे. पण आपल्या नदीतून जाड नळ निघून कुठे जातो, हे एकाही वर्गाला नेऊन दाखवलं नाही. तुम्ही गेल्यावर प्रथमच नीट माहिती घेतली, नकाशे पाहिले, कागद वाचले. ही कबुली आधीच देऊन ठेवतो.

सूर्या जव्हारच्या डोंगरांकडून उतरते आणि पुढे वैतरणेला मिळते. थोरली बहीण वैतरणा आणि तिची तानसा या दोघींचं पाणी फार पूर्वीपासून मुंबईला जातं. तानसा धरण १८९२ सालचं, वैतरणेवरचा मोडकसागर १९५७ सालचा, मध्य वैतरणा २०१४ सालचं. सूर्या मात्र बरीच वर्षं आपल्याच खोऱ्यात वाहत होती. पुढे विक्रमगड तालुक्यात धामणीला तिच्यावर मोठं धरण झालं आणि खाली कवडासला उन्नैयी बंधारा झाला. धामणीत पावसाचं पाणी साठवायचं, तिथून कवडासला सोडायचं आणि कवडासहून डाव्या-उजव्या कालव्यांनी शेतीला द्यायचं, अशी मूळ योजना. डहाणू, पालघर, विक्रमगड या भागातली १४ हजारांहून अधिक हेक्टर जमीन भिजेल, असा तिचा हिशेब होता. धरण बांधताना इथल्या लोकांना सांगितलेलं कारण हेच होतं. शेतीला पाणी येईल, भातानंतर दुसरं पीक निघेल, मग दिवाळी झाली की वीटभट्टीवर आणि रेतीवर मजुरीला जायला नको.

कवडासच्या खाली नदीपात्रात सोडलेलं पाणी वाहत वाहत आमच्या मासवणच्या बंधाऱ्याशी येऊन थांबतं. तू ज्या दगडी भिंतीवर बसून पाय सोडले होतेस, त्याच भागातून ते उपसलं जातं. त्याच्या बऱ्याच वाटा आहेत. एक जाते पालघरला. पालघर आणि २६ गावांच्या नळयोजनेचं पाणी इथून उचलून वाघोबा खिंडीत शुद्ध होतं. खिंडीतल्या देवळापाशी माकडाने वहिनींच्या हातातली केळी पळवली, ती जागा. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांनाही सूर्येचंच पाणी लागतं. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. यंत्रं थंड करायला त्याच्या दारात समुद्र आहे, पण माणसांना गोडं पाणी लागतं आणि ते नदीकडेच मागावं लागतं.

आणि एक मोठी वाट तुमच्या घरी जाते. मासवणला पंपाने उचललेलं पाणी धुकटणच्या जलशुद्धीकरण केंद्रात जातं. तिथे आधी तुरटी घालतात. आपल्या आज्या रांजणात तुरटी फिरवायच्या, तोच प्रकार मोठ्या प्रमाणावर. गाळ खाली बसतो, वरचं पाणी वाळूच्या थरातून गाळतात, मग क्लोरीन देतात. तिथून मोठ्या जलवाहिन्यांतून ते महामार्गाच्या बाजूने दक्षिणेला निघतं आणि विरार, नालासोपारा, वसई असं घरोघर पोहोचतं. या योजनेच्या पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यांतून प्रत्येकी १०० दशलक्ष लिटर, म्हणजे दोन्ही मिळून रोज २०० दशलक्ष लिटर पाणी वसई-विरारला जातं.

वहिनी, पहिल्या दिवशी चहा घेताना तुम्ही म्हणालात, ‘मासवण हे नाव मी आधी कुठे ऐकलंय?’ मला तेव्हा गंमत वाटली. आता उलगडा झाला. तुमच्या सोसायटीच्या फळ्यावर अधूनमधून सूचना लागत असेल : ‘मासवण येथील वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे उद्या पाणी येणार नाही.’ तुमच्या शहरात आमच्या गावाचं नाव पाणी बंद असतं तेव्हाच घेतलं जातं. पाणी येतं, त्या दिवशी कुणाला मासवण आठवण्याचं कारण नाही.

दशलक्ष लिटर हा शब्द कागदावर गुळगुळीत वाटतो, म्हणून मी तो हंड्यांत मोजून बघितला. एक दशलक्ष म्हणजे दहा लाख. हंडा पंधरा लिटरचा धरला, तर रोजचे २०० दशलक्ष लिटर म्हणजे १ कोटी ३३ लाख हंडे. मित्रा, तुला टँकरचा हिशेब जवळचा. विरारला नवीन राहायला गेलात, तेव्हा रात्री दोन वाजता टँकर यायचा आणि तू लुंगीवर बादल्या घेऊन चार जिने उतरायचास, हे तूच सांगितलं होतंस. दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर रोजचे २० हजार टँकर होतात. तुमच्या नळाला जे पाणी आलं, ते कुणाची चैन म्हणून आलं नाही. तुम्हीही रांगेत उभं राहूनच ते मिळवलंत. हे मी मुद्दाम लिहितो, कारण विहिरीवरून परतल्यावर वहिनी रात्री नीट जेवल्या नाहीत, असं माझी पत्नी म्हणाली.

आता पुढचा हिशेब. वसई-विरार आणि मीरा-भाईंदरची वस्ती वाढली, म्हणून आणखी एक योजना आली. रोज ४०३ दशलक्ष लिटरची. त्यातले १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. हे पाणी मासवणपर्यंत येत नाही, वर कवडासलाच उचललं जातं. तिथून ते डोंगरात बोगदे खणून टाकलेल्या मोठ्या जलवाहिनीने जातं. वसई-विरारला या योजनेचं पाणी २०२३ साली सुरू झालं. जुने २०० आणि नवे ४०३ मिळून पूर्ण भरात रोजचे ६०३ दशलक्ष लिटर होतात.

धामणी धरणात साधारण २७६ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. पावसाळ्याचे चार महिने नदी स्वतःच भरून वाहते, तेव्हा ते सोडून देऊ. उरलेले आठ महिने, म्हणजे २४० दिवस, रोज ६०३ दशलक्ष लिटर घेतलं, तर सुमारे १४५ दशलक्ष घनमीटर लागतं. निम्म्याहून जास्त धरण झालं. दुसरीकडे १४ हजार हेक्टर जमिनीला हंगामभरात फक्त एक मीटर उंचीचं पाणी द्यायचं म्हटलं, तर १४० दशलक्ष घनमीटर लागतं. दोन्हींची बेरीज २८५. धरण २७६ चं. त्यात पालघर आणि बोईसर धरलेलं नाही, उन्हाने उडून जाणारं पाणी धरलेलं नाही आणि कालव्याच्या भेगांतून झिरपणारंही धरलेलं नाही.

हा माझा पाटीवरचा हिशेब आहे. धरणाखालच्या ओढ्यांतूनही नदीला थोडं पाणी येतं. सगळ्या शेतांना सारखं पाणी लागत नाही. जाणकार त्यात दुरुस्त्या करतील. पण तिसरी-चौथीतल्या मुलालाही कळेल, की एकच भाकरी दोन घरांना पूर्ण वाढू म्हणून सांगितलेली आहे. मग ज्याचा हात लांब, त्याच्या ताटात ती आधी पडते. सूर्येचं पाणी वाचवा म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी आणि आदिवासींनी मोर्चे काढले, ते या बेरजेसाठी. पिण्याच्या पाण्याला सगळ्यांच्या आधी मान, हे राज्याच्या जलनीतीत लिहिलेलं आहे आणि त्याला इथे कुणाचा विरोध नाही. लोक एवढंच विचारतात, की वरच्या पाड्यावरची बाई पिते, ते पिण्याचं पाणी नाही का?

धरणात ज्यांची घरं आणि शेतं गेली, ती माणसं तर वेगळीच. त्यांतल्या अनेक कुटुंबांना डहाणू तालुक्यात चंद्रनगर, हनुमाननगर अशा वसाहतींत नेऊन बसवलं. ज्या नदीत ती मासे धरत, ती नदी त्यांच्या मागे राहिली. तुमच्या नळाच्या एका टोकाला तुम्ही होता आणि दुसऱ्या टोकाला ती माणसं. मध्ये माझी शाळा. मी मध्येच बसलेला असून दोन्हीकडे पाहिलं नाही.

मित्रा, तू आता जिथे बसून हे वाचतो आहेस, ते लायडन जुन्या ऱ्हाईन नदीच्या काठी आहे. तू फोनवर सांगितलंस, की मुलाच्या घरी पाणीमंडळाची वेगळी कराची पावती आली आणि पाणीमंडळाच्या निवडणुकीत मतही द्यायचं असतं, हे ऐकून तुला हसू आलं. ‘अरे, इथे पाण्याला आमदार आहेत,’ असं म्हणालास. मी त्याचीही माहिती काढली. तुमच्या भागातल्या ऱ्हाईनलँड पाणीमंडळाची अधिकृत नोंद १२५५ सालापासूनची आहे. ज्ञानेश्वरीपेक्षाही ती जुनी. समुद्रसपाटीच्या खालची जमीन, बांध फुटला तर सगळेच बुडणार, म्हणून त्या लोकांना सात-आठशे वर्षांपूर्वी एका टेबलाशी बसावं लागलं. आज त्या देशात अशी २१ मंडळं आहेत आणि दर चार वर्षांनी लोक त्यांच्यासाठी मतदान करतात.

पण मला जास्त महत्त्वाची वाटली ती ऱ्हाईनची गोष्ट. ती नदी स्वित्झर्लंडमध्ये उगम पावते, जर्मनीतून वाहते आणि शेवटी हॉलंडात पोहोचते. वरच्या देशांतले कारखाने जे सोडतील, ते खालच्या हॉलंडच्या माथी. म्हणून १९५० साली काठावरच्या पाच देशांनी ऱ्हाईनच्या रक्षणासाठी एक आयोग नेमला. बरीच वर्षं बैठका झाल्या, काम थोडं झालं. मग १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझलजवळ रसायनांच्या एका गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन नदीत गेलं, नदी लाल झाली आणि मासे मरून तरंगू लागले. शेकडो किलोमीटर खाली हॉलंडात नदीतून पिण्याचं पाणी घेणं थांबवावं लागलं. त्या दिवशी खालच्या माणसाला वरचं गाव कळलं आणि वरच्या माणसाला खालचं. पुढच्या वर्षी सगळ्यांनी मिळून ठोस कार्यक्रम हाती घेतला आणि नव्वदच्या दशकात ऱ्हाईनमध्ये सामन मासा परत दिसू लागला.

आमच्याकडे चित्र उलटं आहे. तिथे वरचे धनवान होते आणि खालचे त्रासलेले. इथे वरचा पाडा गरीब आणि खालचं शहर मोठं. पण दोन्ही टोकांची ओळख नाही, हे दुखणं तेच. विरारच्या माणसाला सूर्या हे योजनेचं नाव वाटतं. ती नदी आहे, तिच्या काठाला जांभळं पिकतात, वाघबारशीला तिथली माणसं वाघाला आपला म्हणून पुजतात, हे त्याला कोण सांगणार? आणि पाड्यावरच्या बाईला विरारची बाई रात्री दोनला टँकरसाठी उठत होती, हे कोण सांगणार? दोघींची गाठ पडली ती तुमच्यामुळे, चुकून, विहिरीच्या काठावर. पाण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे मला कळतं. कालवे दुरुस्त झाले पाहिजेत, शहरात गळणाऱ्या नळांचं पाणी वाचलं पाहिजे, सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना दिलं पाहिजे, पावसाचं पाणी साठवलं पाहिजे. पण हे सगळं कुणी कुणासाठी करायचं? ज्याचं तोंड पाहिलेलं नाही, त्याच्यासाठी माणूस नळाची चावी घट्ट करत नाही.

मासवणचं नाव आता आणखी एका कागदावर आलं आहे. वडोदरा-मुंबई द्रुतगती महामार्गाच्या कामाचे जे तुकडे पाडले, त्यांत एक ‘शिरसाड ते मासवण’ आणि दुसरा ‘मासवण ते गंजाड’. गंजाड म्हणजे वारली चित्रांचे जिव्या सोमा म्हसे यांचं गाव. म्हणजे आमच्याकडून आता पाण्यापाठोपाठ गाड्याही भरधाव जाणार. बोईसरला बुलेट ट्रेनचं स्थानक, वाढवणला मोठं बंदर. बंदराची पायाभरणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालघरला झाली. एवढी माणसं येतील, तीही पाणी पितील. तेव्हा ही ओळख करून घेण्याची वेळ आत्ताच आहे, असं मला वाटतं.

आता वहिनींच्या प्रश्नाचं सरळ उत्तर.

नागपंचमीच्या आधी मी वरच्या पाड्यावर गेलो होतो. ती बाई चिखलात उभी होती, डोक्यावर इरलं. मला बघून म्हणाली, ‘गुरुजी, तुमची ती पाहुणी गेली का समुद्रापलीकडे?’ मी म्हटलं, गेली. ‘तिथं पाणी आहे का?’ मी म्हटलं, ‘पुष्कळ आहे, नळाचंच पितात.’ तिला बरं वाटलेलं दिसलं. मग मी तुमचा प्रश्न विचारला. तू त्या दिवशी रागावली होतीस का, म्हणून. तिने हातातली रोपांची जुडी खाली ठेवली आणि थोडा विचार केला. म्हणाली, ‘पाणी प्यायला दिल्याचा कुणी राग धरतं का? तहानलेल्याला पाणी नाही म्हणायचं नसतं. पण नेताना एक हंडा इथंही ठेवा, म्हणावं.’

वहिनी, म्हणजे ती रागावली नव्हती आणि चेष्टाही नव्हती. ‘आमचंच पाणी पिता’ असं ती म्हणाली, त्यात हक्क होता आणि थोडं नातंही होतं. एका विहिरीचं पाणी पिणारी माणसं एकमेकांची कुणीतरी लागतात, असं आपल्याकडे मानतात. तिच्या हिशेबाने तुम्ही तिच्या कुणीतरी लागता. फक्त एक हंडा राहिला आहे.

मित्रा, बंधाऱ्यावर बसून तू म्हणाला होतास, ‘फ्लॅट विकून टाकावा म्हणतो. आता आमचं इकडे काय उरलंय?’ फ्लॅटचं तुम्ही दोघं आणि मुलगा मिळून ठरवा, त्यात मी पडत नाही. पण काय उरलंय, याचं उत्तर मला या अडीच महिन्यांत मिळालं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. इतकी वर्षं तुम्ही या नदीचं पाणी प्यायलात. त्याच पाण्यात डाळ शिजली, त्यानेच मुलाला पहिल्या नोकरीच्या दिवशी घाईघाईने आंघोळ घातलीत. आमच्या पाड्यावर एक बाई तुमची चौकशी करते. एवढं सगळं विकता येत नाही.

पहिल्या दिवशी तू हळूच विचारलं होतंस, ‘पाणी बाटलीचं आहे का?’ आणि शेवटच्या दिवशी आमच्या माठातलं पाणी बाटलीत भरून घेतलंस. मी बघत होतो, पण बोललो नाही. पुढच्या खेपेला रिकामी बाटली आणा.

नातवाला माझे आशीर्वाद. त्याला कालव्याकाठी फिरायला नेशील तेव्हा सांग, की हे पाणी डोंगरातल्या कुणाच्या तरी दारावरून येतं. त्याला मराठी नीट कळत नसेल, तरी सांग.

तुमचा,
मासवणहून.

श्रोतेहो, पत्र संपलं. उद्या पालघरला जाऊन ते टपालात टाकणार आहे. तुमच्या नळाचं पाणी कोणत्या नदीचं आहे, हे तुम्हाला बहुधा ठाऊक असेल. ते कोणत्या गावावरून येतं, तेवढं एकदा विचारून घ्या. जमलं तर तिथे एक दिवस जाऊनही या. गावातली माणसं आल्या-आल्या पाणी देतील. ते प्या.

नमस्कार.